मदत हवी आहे: स्कूल बसच्या एक्सलेटर पेडलचा रिकॉल, पत्र जुन्या मालकाला, गाडी माझ्याकडे

नमस्कार मंडळी,

माझी एकच स्कूल बस आहे, सांगलीत शाळेच्या फेऱ्यांना. २०२१ ची, बीएस-६ डिझेल, सेकंडहँड घेतलेली. परवा आधीच्या मालकांनी व्हॉट्सॲपवर कंपनीच्या रिकॉलच्या, म्हणजे दोषामुळे गाड्या परत बोलावल्याच्या, पत्राचा फोटो पाठवला. मतलब असा की ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांचं एक्सलेटर पेडल दाबल्यावर अडकू शकतं, तपासून मोफत बदलून देऊ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमच्या ड्रायव्हर मामांची कुरकुर आधीपासूनच होती. सकाळी गार गाडीत पाय काढला तरी रेस उतरत नाही, बुटाच्या टोकाने पेडल खालून उचलावं लागतं. मी उभ्या गाडीत हाताने दाबून पाहिलं. सोडल्यावर पेडल झटकन वर येतं, पण शेवटचं बोटभर अंतर रेंगाळतं. डॅशबोर्डवरचा बिघाड दाखवणारा चेक लाइट लागत नाही. पासिंगही सुरळीत झालं.

वर्कशॉपवाले म्हणतात, "पार्ट आला की फोन करतो, तोवर जपून चालवा." जपून म्हणजे नेमकं कसं? आत पहिली-दुसरीची पोरं, आणि गेटसमोर पालकांच्या स्कूटरींची झुंबड.

पत्र माझ्या नावाचं नाही, तरी काम फुकट होईल का? गाडी यादीत आहे की नाही, हे लेखी कुठून मिळेल? आणि लाइट नाही म्हणजे सेन्सर ठीक, असं आमचा मेकॅनिक म्हणतो, ते धरून चालावं का?

पानावाला:
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तिथेच फसगत होते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, दोघांचे व्होल्टेज वेगवेगळे. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, दोन्ही ताडून पाहतो. मेळ बसला नाही तर लाइट लावतो आणि गाडीची ताकद तोडतो. पण स्प्रिंग किंवा बिजागरीच अडकली असेल तर दोन्ही सेन्सर एकच सांगणार, "पाय दाबलेला आहे." ईसीयूच्या दृष्टीने सगळं आलबेल, मग लाइट लागेल कशाला? टोयोटाने जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यात पेडलच्या आतला घर्षणाचा भागच झिजून चिकटत होता. त्याआधी २००९ मध्ये मॅटखाली पेडल अडकण्यावरून वेगळा रिकॉल झाला होता. तेव्हा मामांच्या पायाखाली जादा मॅट किंवा पायपुसणं असेल तर आजच काढा.

आरटीओच्या_रांगेतला:
रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नाही. आरसीवरचा चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, तोंडी विचारू नका. सोबत आरसीची प्रत जोडा, म्हणजे पुढची पत्रं तुमच्याकडे येतील. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम ११०अ आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. कंपनी टाळाटाळ करत असेल तर परिवहन खात्याच्या रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवा. सात वर्षांच्या आतली गाडी लागते, तुमची बसते.

पानावाला:
आणि चालवायचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे: पोरं घेऊन नको. वर्कशॉपपर्यंत रिकामी न्यायची असेल तर मामांना सांगून ठेवा. रेस अडकली की क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रल, ब्रेक एकदाच घट्ट. पंप करायचा नाही, ब्रेकची हवा उतरते. इंजिन ओरडेल, ओरडू दे. चावी गाडी थांबल्यावरच बंद करायची, नाहीतर स्टिअरिंग जड होतं.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. मॅट खरंच होती, काढली, पण पेडल अजून तसंच रेंगाळतंय. ईमेल केला, चॅसी नंबर यादीत असल्याचं उत्तर आलं. मुख्याध्यापक शाळेच्या परिवहन समितीचे अध्यक्ष आहेत, त्यांना ते दाखवून बस उभी केली. सध्या ओळखीच्याची गाडी भाड्याने लावली आहे. हे भाडं कंपनीकडून मागता येतं का?

आरटीओच्या_रांगेतला:
कलमात गाडीचे पैसे परत, बदली किंवा दुरुस्ती असं आहे. बुडालेल्या भाड्याचं काही नाही. एकच गाडी आणि तिच्यावरच पोट असेल तर ग्राहक आयोगात बाजू मांडता येईल, पण तुम्ही ड्रायव्हर ठेवलाय, म्हणजे हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही, असं म्हणत समोरचा वकील त्यावर बोट ठेवेल. बदली गाडीच्या पावत्या आणि तो ईमेल जपून ठेवा, आणि पार्ट कधी येणार हे वर्कशॉपकडून जॉबकार्डावर लिहून घ्या.