ऑगस्टच्या पावसात पाणथळीवर आलेले पाहुणे पक्षी कसे ओळखायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नेरुळला राहते. फ्लेमिंगो गेले की आमच्या पाणथळींकडे फारसं कुणी फिरकत नाही, मला मात्र पावसाळ्यातच तिथली खरी ओढ लागली आहे. श्रावण लागल्यापासून टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या बाजूच्या पाणथळीवर जाते. टिटव्या, शेकाटे, बगळे तर आहेतच, पण आता बाहेरून आलेले छोटे पक्षीही दिसू लागलेत आणि तिथेच माझं घोडं अडलं आहे.

परवा सर ओसरल्यावर एक बऱ्यापैकी जवळून दिसला. साळुंकीपेक्षा जरा लहान, पाय काळे, चोच काळी, लांब आणि टोकाकडे खाली वाकलेली. पोटावर विटकरी रंगाचे तुकडे तुकडे, मध्ये पांढरं, पोपडे निघालेल्या गेरूच्या भिंतीसारखं. उडाला तेव्हा शेपटीच्या वर पांढरा भाग स्पष्ट दिसला. पुस्तकात एक तर सबंध विटकरी पक्षी आहे, नाही तर सबंध राखाडी. हा मधला कोण? त्याच्याबरोबर आखूड चोचीचे काही होते. चार पावलं धावायचं, थांबायचं, टिपायचं, पुन्हा धावायचं. त्यातल्या एकाच्या पायात रंगीत पट्टी होती, तिचं काय करायचं असतं?

दुसरं म्हणजे वेळ. कधी तळं गजबजलेलं असतं, कधी त्याच वेळेला चिटपाखरू नसतं. हे कशावर ठरतं? आणि पावसात चालेल अशी दुर्बीण सुचवा. माझ्या जुन्या दुर्बिणीत आतून वाफ धरते, मग सगळंच धुकं. सातवीतला भाचाही यायचं म्हणतोय, पक्ष्यांना त्रास होणार नाही असं कुठून बघावं तेही सांगा.

प्रतिसाद: ऐरोलीकर

ताई, वर्णन इतकं नेमकं दिलंत की फोटोची गरजच नाही. कर्ल्यू सँडपायपर. तो पांढरा भाग हीच खूण. डनलिन या तशाच दिसणाऱ्या पक्ष्याचीही चोच वाकलेली असते, पण त्याच्या त्या भागात मधोमध गडद पट्टा असतो आणि विणीच्या पिसाऱ्यात पोट काळं. हा पक्षी सैबेरियाच्या टुंड्रात वीण करतो. मोठे पक्षी आधी निघतात, पिल्लं मागून आपापली येतात. म्हणून ऑगस्टमध्ये असे विटकरीतून राखाडीकडे अर्धी पिसं बदललेले मोठे पक्षी दिसतात. सप्टेंबरात पाठीवर खवल्यांसारखी नक्षी असलेले, अगदी कोरे करकरीत दिसले तर ती यंदाची पिल्लं समजा.

धावून थांबणारे ते चिखल्या, बहुतेक लेसर सँड प्लोव्हर. चिखल्या डोळ्यांनी शोधून टिपतो, सँडपायपर चोच खुपसून चाचपतो. लांबून, पावसात, रंग कळत नसताना ही चालच कामाला येते. भाच्याला आधी तेवढंच शिकवा.

प्रतिसाद: खाडीकाठ

वेळेचं मी सांगतो. घड्याळ नको, भरती बघा. ओहोटीला सगळे पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर लांब पांगलेले असतात. भरतीने चिखल बुडाला की विसाव्याला आतल्या तळ्यांवर येतात. आमच्याकडचा जुना हिशोब म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, दशमीला साडेसात. थोडं मागेपुढे होतं, भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या आणि भरतीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा.

अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी फार चढत नाही, बराच चिखल उघडा राहतो आणि पक्षी तिकडेच राहतात. उधाणाला तळी भरतात, पण भरती दुपारी बाराच्या सुमारास. मला स्वतःला द्वादशी-त्रयोदशी आवडते. भरती सकाळी नऊ-पावणेदहाला आणि पाणी उधाणाकडे चढतं. कोसळत्या सरीत जाऊन उपयोग नाही, पक्षी वाऱ्याकडे तोंड करून गप्प बसतात. सर थांबली की लगेच खायला लागतात, ती दहा-पंधरा मिनिटं सोडू नका.

दुर्बीण ८×४२ घ्या, वॉटरप्रूफ आणि नायट्रोजन भरलेली. आतून वाफ धरणं बंद होईल. दहापट मोठं दाखवणारी वाऱ्यात फार हलते. छत्रीपेक्षा रेनकोट आणि पुढे झडप असलेली टोपी बरी, हात मोकळे राहतात.

एक कळकळीची विनंती. बांधावरून किंवा रस्त्यावरूनच बघा, चिखलात उतरू नका. भरतीला उडवलेल्या थव्याला बसायला दुसरी जागा सहज मिळत नाही, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगात वाया घालवायला चरबी उरलेली नसते. माना वर करून सगळे एकाच दिशेला बघायला लागले की तुम्ही फार जवळ आलात, दोन पावलं मागे या.

प्रतिसाद: ऐरोलीकर

पट्टीचं राहिलंच. अभ्यासासाठी पकडून सोडलेल्या पक्ष्याला तसा फ्लॅग लावतात. डावा पाय की उजवा, रंग कोणते, वर कोणता आणि खाली कोणता, अक्षरं दिसली तर तीही. हे सगळं तारीख आणि जागेसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी कळवा, रंगांवरूनही पक्ष्याला कुठल्या भागात फ्लॅग लावला ते कळू शकतं.