फ्लेमिंगोंच्या पायाशी बघा

ठाणे खाडीत पक्षी बघायला नेणाऱ्या ऐरोलीच्या बोटीतून ‘फ्लेमिंगो सोडून काहीच दिसलं नाही’ असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. अहो, त्यांच्या पायाशी बघायचं! २०१५ साली ठाणे खाडीचं अभयारण्य झालं तेच फ्लेमिंगोंच्या नावाने, त्यामुळे चिखलातले बाकीचे छोटे पक्षी बिचारे झाकोळले.

भरती चढताना जा. चिखल बुडत जातो तसे सायबेरियाकडचे पाहुणे उरलेल्या पट्ट्यावर दाटीवाटीने गोळा होतात. पाणटिवळा हा लांब चोचीचा पक्षी चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसतो, डोकंही भिजवून घेतो. शेजारी मूठभर आकाराचे टिलवे पक्षी, चोचींची शिलाई मशीनच्या सुईसारखी टकटक चालू.

मी तर एप्रिल सुचवेन. ऊन भाजतं खरं, पण परतायच्या आधी या पाहुण्यांची राखाडी पिसं विटकरी व्हायला लागलेली असतात. डिसेंबरात हा रंग नाही मिळत. आणि बोटीत पुढची जागा पकडा, मागे धूर फार.