काचबिंदू झाला, साहेब म्हणतात राजीनामा द्या

प्रश्न: महाराष्ट्र शासनात जीपचालक आहे, 2003ची भरती, जुनी पेन्शन. डावा डोळा गेला, उजव्यानं कडेचं दिसत नाही. राजीनामा देऊन मोकळं व्हावं का? धाकटी बारावीत आहे हो.

उत्तर: दादा, अजिबात नको! राजीनाम्यानं आधीची सेवा बुडते, पेन्शनही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 दाखवा, त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. माझे मेहुणे आता आवक-जावक बघतात, पगार तोच.

उत्तर: काम झेपतच नसेल तर रुग्णता निवृत्तिवेतन मागा. वैद्यकीय मंडळाचा दाखला लागतो. पेन्शनला लागणारी 10 वर्षं तुमची झालीच आहेत. उपदान (ग्रॅच्युइटी), शिल्लक अर्जित रजेचे पैसे वेगळे.

प्रश्नकर्ता: मंडळाकडे कसं जायचं?

उत्तर: कार्यालयामार्फत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. साहेबांचं तोंडी काही ऐकू नका.