पाड्यावरचे वनस्पतिज्ञान छापल्याने सुरक्षित होते की उघड्यावर पडते?

प्रश्न : वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका, गोरेगाव

गेल्या दोन पावसाळ्यांत माझ्या विद्यार्थ्यांनी आरे वसाहतीतील एका वारली पाड्यावर जाऊन तिथल्या वयस्कर स्त्रियांकडून २९ रानभाज्या आणि १२ औषधी वनस्पती यांची माहिती लिहून घेतली. आता तिची पुस्तिका छापण्याचा आमचा विचार आहे.

हे ज्ञान किती बारकाव्याचे आहे, ते शेवळ या कोंबांच्या रानभाजीवरून सांगते. मृगाच्या आगेमागे दादर-बोरिवलीच्या बाजारात शेवळाच्या जुड्या येतात, तेव्हा विकणारी बाई सोबत मूठभर काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळे, देतेच. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात आणि त्यांमुळे घशाला खाज सुटते, एवढे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु कोंबाच्या आतला पिवळा भाग आधी काढून टाकायचा, चिरण्यापूर्वी हाताला तेल चोळायचे आणि काकडं ठेचून त्यांचा आंबट रस भाजी शिजतानाच घालायचा, हे सगळे एका आजींनी चुलीपाशी बसवून दाखवले, तेव्हा कुठे मुलींना समजले.

माझ्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की छापून टाका, म्हणजे यावर कोणालाही पेटंट घेता येणार नाही. दुसरे म्हणतात की छापले तर कंपन्यांना आयती यादी मिळेल आणि पाड्याच्या हाती काहीच उरणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : पेटंट एजंट, दादर

आपल्या दोन्ही सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण ते दोन वेगळ्या धोक्यांविषयी बोलत आहेत.

पहिला धोका पेटंटचा. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. जखमेवर हळद दाबणे आपल्याकडे घरोघरी ठाऊक होते. परंतु परदेशात तोंडी चालत आलेले ज्ञान त्या काळच्या अमेरिकी कायद्यात पुरावा म्हणून चालत नव्हते, छापील मजकूरच लागे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध असे ३२ संदर्भ पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्यांत १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. आपले पहिले सहकारी जे सांगत आहेत, ते याच अनुभवातून आलेले आहे, आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयामागेही हाच विचार होता. मात्र ते ग्रंथालय मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांसारख्या पद्धतींच्या लिखित ग्रंथांवर उभे आहे. आपल्या पाड्यावरच्या आजींचे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही, त्यामुळे ते तिथे सापडण्याची आशा धरू नये.

भारतापुरते पाहिले तर परिस्थिती बरीच चांगली आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) नुसार जे मुळात पारंपरिक ज्ञानच आहे, त्यावर पेटंट मिळत नाही. अर्जात जैविक पदार्थाचा स्रोत आणि त्याचे मूळ ठिकाण सांगावे लागते. ते लपवले, किंवा अर्जातली गोष्ट एखाद्या स्थानिक समाजाला तोंडी परंपरेनेही आधीच ठाऊक असली, तर कलम २५ खाली हरकत घेता येते. म्हणजे अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात हरकत नोंदवायला छापील पुस्तिका असलीच पाहिजे असे नाही. पण असली तर काम फार सोपे होते, हे मी रोजच्या अनुभवावरून सांगतो.

दुसरा धोका मला अधिक मोठा वाटतो. पेटंट अडवणे ही एक गोष्ट झाली आणि ज्ञान देणाऱ्याला त्याचा वाटा मिळणे ही अगदी वेगळी. केरळात अगस्त्य डोंगरातल्या काणी आदिवासींनी १९८७ मध्ये संशोधकांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून 'जीवनी' नावाचे औषध तयार झाले आणि परवान्याच्या रकमेचा व रॉयल्टीचा अर्धा हिस्सा काणींच्या विश्वस्त निधीला देण्याचे ठरले. या व्यवहारात उणिवा पुष्कळ होत्या, तरी वाटा ठरू शकला, कारण ती माहिती तोवर काणींपाशीच होती. आधीच सर्वत्र छापून गेलेल्या माहितीसाठी कोणी वाटाघाटीला बसत नाही.

उत्तर २ : जैवविविधता नोंदवहीचे काम करणारा, मुलुंड

वरील उत्तरात एक भर घालतो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या लोकज्ञानाची नोंद, करायची असते. २०२३ च्या दुरुस्तीने 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञाना'ला लाभवाटपातून, म्हणजे ज्ञान देणाऱ्यांना नफ्यातला वाटा देण्याच्या बंधनातून, वगळले, आणि पुस्तिका छापली म्हणजे पाड्याचे ज्ञानही त्यात गेले, असे काही जण समजतात. तसे नाही. त्या शब्दाचा अर्थ औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांपुरता आहे. आपली पुस्तिका त्या अनुसूचीत नाही, त्यामुळे पाड्याचा हक्क केवळ छापण्याने बुडत नाही.

मला काळजी झाडांची वाटते. सह्याद्रीतल्या नरक्याचे उदाहरण घ्या. त्यात कर्करोगावरील औषधांना लागणारे कॅम्प्टोथेसिन आहे, हे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे परदेशातून मागणी वाढली तशी ही झाडे चोरून तोडली गेली आणि तोडणाऱ्या गावकऱ्याच्या हाती केवळ मजुरी पडली. या नुकसानीला कुणाच्या पेटंटची गरजच लागली नाही. म्हणून कळकळीने सांगतो, पुस्तिकेत झाडांचे नेमके ठिकाण, नकाशा किंवा ओढ्याचे नाव छापू नका. आरेतली उरलेली झाडी किती थोडी आहे, हे आपण जाणताच.

उत्तर ३ : वारली तरुण, आरे

मॅडम, आपण ज्या पाड्यावर गेलात तो आमचा नसेल, पण प्रश्न आमचाच आहे, म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही एका संस्थेचे लोक आले होते. माझ्या आजीने त्यांना चार दिवस झाडे दाखवली. त्यांनी तिच्या अंगठ्याचा ठसा एका कागदावर घेतला, तो कागद इंग्रजीत होता आणि त्याची प्रत आम्हाला मिळाली नाही. पुस्तक पाठवू असे सांगून गेले, ते आजतागायत आलेले नाही. आजी आता नाही. तिने काय काय सांगितले होते, हे आज मला ठाऊक नाही, त्यांना आहे.

आमच्यात सगळे ज्ञान एकसारखे नसते. रानभाजी सगळ्यांची आहे, ती आम्ही बाजारात विकतो आणि कशी करायची तेही विचारल्यावर सांगतो. पण भगताचे औषध आणि बाळंतिणीसाठी सुईण देते ती मुळी यांची गोष्ट वेगळी आहे. ती ज्याची त्याने, ज्याला द्यायची त्यालाच द्यायची असते. आजी पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, म्हणून त्या बोलल्या, याचा अर्थ त्यांनी छापायला परवानगी दिली असा होत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन असूनही आमची चित्रे कुणीही पिशव्यांवर छापतो, हे आम्ही रोज पाहतो. तेव्हा कायदा काय म्हणतो याच्या आधी, आपण लिहिलेले सगळे पाड्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवा.

उत्तर ४ : पेटंट एजंट, दादर

या तरुणाचे म्हणणे मी माझ्या उत्तराच्या आधी ठेवतो. एक कायदेशीर गोष्ट तेवढी जोडतो. कॉपीराइट शब्दरचनेला मिळतो, तिच्यातल्या माहितीला मिळत नाही, आणि तो लिहिणाऱ्याचा असतो. म्हणजे काहीच केले नाही तर पुस्तिका महाविद्यालयाची किंवा विद्यार्थ्यांची ठरेल आणि आजींचे नाव आभारांत जाईल. म्हणून पाड्यावरच्या स्त्रियांची संयुक्त मालकी मराठीत लिहून, वाचून दाखवून, त्यांच्या सह्यांसह आधीच करून घ्या आणि प्रत त्यांच्यापाशी ठेवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. गेल्या रविवारी आम्ही सगळ्या नोंदी पाड्यावर वाचून दाखवल्या. वाचायला साडेतीन तास लागले. २९ भाज्या छापायला सगळ्यांनी आनंदाने होकार दिला आणि दोन ठिकाणी आमची चूकही दुरुस्त केली. भारंगीची पाने किती कोवळी असताना खुडायची, ते आम्ही उलटे लिहिले होते. १२ औषधांपैकी सात ठेवायची आणि पाच काढायची, असे त्यांनी आपसांत बोलून ठरवले. त्या पाचांची कारणे आम्ही विचारली नाहीत. ती पाने वहीतून काढून शेवळ दाखवणाऱ्या आजींच्या हाती दिली, आणि विद्यार्थ्यांच्या फोनमधली त्यासंबंधीची छायाचित्रे तिथेच, त्यांच्यासमोर, पुसली. ठिकाणांचे उल्लेखही काढले आहेत. मालकीच्या कागदाचा मराठी मसुदा तयार होताच पुढच्या रविवारी तो वाचायला आम्ही पुन्हा जाणार आहोत.