धर्मादाय आयुक्त, सह आयुक्त, उप की सहायक: कुठला अर्ज कोणापुढे द्यायचा?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातल्या एका वाचनालयाबद्दल विचारतोय. संस्था एफ नंबरची आहे, म्हणजे सोसायटी आणि सार्वजनिक न्यास अशी दोन्हीकडे नोंदलेली. 2019 च्या निवडणुकीच्या चेंज रिपोर्टवर (विश्वस्त बदलल्याची नोंद व्हावी म्हणून दिलेल्या कागदावर) जुन्या दोन विश्वस्तांनी हरकत घेतली, त्यामुळे तो चौकशीत आहे. मुदत संपली म्हणून 2024 ला पुन्हा निवडणूक झाली, तिचाही रिपोर्ट दाखल केलाय. परिशिष्ट एकच्या, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर अजून 2014 चीच नावं आहेत. बँक सह्या बदलून देत नाही आणि दप्तर जुन्या सचिवांच्या कपाटात.

कार्यकारिणीत दोन मतं पडलीत. एक गट म्हणतो, वरळीला थेट धर्मादाय आयुक्तांना निवेदन द्या, सोबत आमदारांचं पत्र जोडा, वरून आदेश आला की खाली नावं लागतात. दुसरा गट म्हणतो, इंग्लंडात आहे तसं राष्ट्रीय चॅरिटी कमिशन दिल्लीत असेलच, तिकडे तक्रार करा. या खात्यात वर कोण, खाली कोण, आणि कोणाच्या हातात नेमकं काय, हे कुणी नीट सांगेल का? अर्ज चुकीच्या टेबलावर पडून वर्ष वाया जायला नको.

रोजनामा:

आधी दिल्लीचं बघू. असं कमिशन नाही. सार्वजनिक न्यासांचं नियमन राज्याच्या कायद्याने चालतं. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 आहे, जुन्या कागदांवर तो मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून दिसतो. खातं राज्याच्या विधी व न्याय विभागाखाली येतं.

उतरंड अशी: राज्याचे धर्मादाय आयुक्त मुंबईत, विभागाला सह आयुक्त, जिल्ह्याला उप किंवा सहायक आयुक्त. सांगलीला विभाग कोल्हापूरचा. जिल्हा कार्यालयात अधीक्षक, निरीक्षक, लिपिक ही मंडळी कागद तपासतात, अहवाल देतात, पण निर्णय त्यांचा नसतो. निरीक्षकाचा अहवाल म्हणजे निकाल समजून पेढे वाटणारे लोक असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता मुख्य गोष्ट. आयुक्तांच्या पदासाठी कायद्यातली पात्रताच जिल्हा न्यायाधीशाच्या पातळीची आहे. हे खातं अर्धं कार्यालय आणि अर्धं कोर्ट आहे. कलम 69 खाली आयुक्तांचं सगळ्या कारभारावर सर्वसाधारण नियंत्रण असतं, ते प्रशासकीय. पण कलम 22 खाली तुमच्या चेंज रिपोर्टची चौकशी चालते तेव्हा जिल्ह्यातले अधिकारी साक्षीपुरावा घेऊन निर्णय देतात. तो निर्णय काय द्यायचा हे वरचा साहेब पत्र पाठवून सांगू शकत नाही. वर गेलेलं निवेदन फार तर 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा घेऊन खाली येतं आणि तुमच्याच फाईलला लागतं. आमदारांच्या पत्राचंही तेच होतं. उलट हरकतदाराच्या वकिलाला 'दबाव आणला' म्हणायला आयता मुद्दा मिळतो.

निर्णय बदलून हवा असेल तर आधी निर्णय व्हावा लागतो. मग कलम 70 चं अपील 60 दिवसांत. अपील कायद्याच्या भाषेत धर्मादाय आयुक्तांकडे असतं, प्रत्यक्षात विभागाचे सह आयुक्त ते चालवतात, म्हणून तुम्हाला कोल्हापूरला जावं लागेल, वरळीला नाही. नकलेचा अर्ज आदेश झाल्याच्या दिवशीच टाका. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्जच महिन्याने केलात तर तो महिना तुमचा गेला. कलम 70अ चा फेरतपासणीचा अधिकारही वरच आहे. तिथं रेकॉर्ड मागवून आदेश तपासला जातो, नवा पुरावा घ्यायची ती जागा नव्हे.

जिल्ह्यात उप आयुक्त बसतात की सहायक, याने कलम 22 च्या कामात तुम्हाला काही फरक पडत नाही. अधिकार दोघांनाही आहे.

जमाखर्च_विटा:

वरच्यात थोडी भर. कुठली गोष्ट जिल्ह्यात संपते आणि कुठली विभागाला जाते हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. नोंदणी (कलम 18, 19), बदल (22), दरवर्षीची हिशेबपत्रकं आणि ऑडिट रिपोर्ट हे सगळं जिल्ह्यात. जमीन किंवा इमारत विकायची, अदलाबदल करायची, बक्षीस द्यायची किंवा शेतजमीन 10 वर्षांवर, बिगरशेती जागा वा इमारत 3 वर्षांवर भाड्याने द्यायची तर कलम 36 ची पूर्वपरवानगी वरून. विश्वस्ताला निलंबित करणं किंवा काढणं हे कलम 41ड चं काम, तेही वरचंच. त्यात आधी आरोप निश्चित होतात, विश्वस्ताला म्हणणं मांडायची संधी मिळते. 'हिशेब दिला नाही, काढा' असा एका पानाचा अर्ज तिथं टिकत नाही. कुठल्या वर्षाचा हिशेब, कुठली नोटीस, कुठला आदेश मोडला, हे तारखांसकट लागतं.

आणि एक, संस्था एफ नंबरची आहे म्हणजे 1860 च्या सोसायटी कायद्याखालीही नोंद आहे. त्या कायद्याचे सहायक संस्था निबंधक बहुधा त्याच इमारतीत, कित्येकदा तेच अधिकारी दुसऱ्या खुर्चीच्या नावाने. त्यामुळे लोक एकच कागद देऊन मोकळे होतात. घटनेत दुरुस्ती केली असेल तर निबंधकाकडची कार्यवाही वेगळी आणि ट्रस्टच्या नोंदवहीतला बदल वेगळा. एकीकडे झालं म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही. 2019 किंवा 2024 ची निवडणूक दुरुस्त घटनेप्रमाणे घेतली असेल तर ती दुरुस्ती दोन्हीकडे नोंदली आहे का, हे आजच बघा. विश्वस्त 7 चे 11 केले आणि नोंदवहीत 7 च राहिले, यावर हरकती येतात आणि त्या बिनबुडाच्या नसतात.

ऑडिटही तपासा. वर्ष 31 मार्चला संपत असेल तर लेखापरीक्षण 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवं. ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये, उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊमध्ये. वाद चालू आहे म्हणून दोन्ही गटांनी हिशेब द्यायचं थांबवलं तर त्याच ढिलाईवर पुढे 41ड उभं राहतं, आणि तेव्हा गट बघितला जात नाही.

कृष्णाकाठ:

दोघांचेही आभार. घटना दुरुस्ती झालेली नाही, ते बरं. पण मग 2019 चा निकाल लागेपर्यंत 2024 ची कार्यकारिणी नुसती कागदावर का? आणि मुदत संपलेल्या 2019 च्या रिपोर्टचा निकाल लागून उपयोग काय?

रोजनामा:

नुसती कागदावर नाही. बदल निवडणुकीने होतो, चेंज रिपोर्ट त्याची नोंद करून घेण्यासाठी असतो. चेंबूर ट्रॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2002 मध्ये हेच धरलं आहे: रिपोर्ट प्रलंबित असला तरी निवडून आलेले लोक काम बघू शकतात. बँकेला पत्र देताना त्या निकालाची प्रत, निवडीचा ठराव, रिपोर्ट दाखल केल्याची पोच आणि चालू रोजनाम्याची (चौकशीतल्या तारीखवार नोंदीची) नक्कल एकत्र द्या. एवढं करूनही बँक उतारा मागू शकते. तरी लेखी नकार मागून घ्या, तोंडी नकाराचा पुढे काही उपयोग होत नाही.

2019 च्या रिपोर्टचा उपयोग साखळीसाठी आहे. 2024 ची सभा कोणी बोलावली? 2019 च्या सचिवाने. मतदार कोण? त्या काळात घेतलेले सभासदसुद्धा. मधला दुवा शाबीत झाला नाही की पुढच्यावर बोट ठेवता येतं. म्हणून दोन्ही रिपोर्ट एकत्र चालवण्याचा अर्ज जिल्ह्यातच द्या, 2019 चा आधी निकाली काढावा अशी विनंती त्यातच करा. त्यासाठी वरळी लागत नाही.

2017 च्या दुरुस्तीनंतर कलम 22 ची पद्धत बदलली आहे. कागद ठीक असतील तर कामकाजाच्या 15 दिवसांत तात्पुरती मान्यता, मग हरकतींसाठी 30 दिवसांची नोटीस. हरकत नाही आली तर तोच आदेश कायम. हरकत आली की चौकशी, आणि ती तीन महिन्यांत संपवावी असं कायदा म्हणतो. रखडते ती बहुतेक पक्षकारांमुळे. रिपोर्ट करणारा विश्वस्त मयत झाला आणि त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव घ्यायचा अर्ज दिला नाही, हरकतदाराचा पत्ता जुना म्हणून बजावणी नाही, सरतपासाचं (आपल्या बाजूच्या साक्षीचं) शपथपत्र चार तारखा दिलंच नाही. तुमचा रोजनामा पहिल्यापासून वाचा. कुठल्या तारखेला कोणामुळे थांबलं ते त्यात लिहिलेलं असतं.

हळद_बाजार:

इंग्लंडच्या कमिशनचा उल्लेख झालाय म्हणून थोडं. त्याचं नाव चॅरिटी कमिशन फॉर इंग्लंड अँड वेल्स. स्कॉटलंडचं आणि उत्तर आयर्लंडचं वेगळं आहे, म्हणजे तिथंही अख्ख्या देशाला एक नाही. वर मंडळ असतं: अध्यक्ष आणि 4 ते 8 सदस्य, नेमणूक मंत्र्यांकडून. 2011 च्या कायद्याप्रमाणे त्यातले निदान दोघे कायद्याची पात्रता असलेले आणि एक वेल्सची परिस्थिती जाणणारा लागतो. एका वेळची नेमणूक जास्तीत जास्त 3 वर्षांची, सगळी मिळून 10 पेक्षा जास्त नाही. रोजचं काम मुख्य कार्यकारी अधिकारी बघतात, 2024 पासून डेव्हिड होल्ड्सवर्थ. कमिशनचा निर्णय पटला नाही तर वेगळ्या न्यायाधिकरणात जायचं.

म्हणजे तिकडे नियामक एका बाजूला आणि न्यायनिवाडा करणारा दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे दोन्ही टोप्या एकाच खात्याच्या डोक्यावर. तिकडची व्यवस्था चांगली की इकडची, यावर वाद घालता येईल, पण 'नेतृत्वाला पत्र लिहिलं की काम होतं' ही समजूत तिकडून उचलून इथं चालवू नका.

दिल्लीत आहेत ती एकेका कामाची खाती. करसवलतीची नोंदणी (1961 च्या प्राप्तिकर कायद्यात 12एबी आणि 80जी) प्राप्तिकर खात्याकडे, परदेशी देणगीचा परवाना गृह मंत्रालयाकडे, स्वयंसेवी संस्थांची माहिती नोंदवायचं दर्पण पोर्टल नीती आयोगाचं. विश्वस्त कोण, हा वाद यांपैकी कुणीही सोडवत नाही.

कृष्णाकाठ:

हे पटलं. शेवटचं विचारतो, दप्तराचं काय करायचं? आणि 2024 च्या रिपोर्टला काय काय जोडलेलं असायला हवं?

रोजनामा:

दप्तरासाठी आधी जुन्या सचिवांना पोच मिळेल अशा टपालाने नोटीस, सोबत वस्तूंची यादी: प्रोसीडिंग बुक, सभासद नोंदवही, पावतीपुस्तकं, चेकबुक, शिक्के, जमिनीचे कागद. 'सर्व दप्तर द्यावे' एवढंच लिहिलं तर ते दोन फायली देऊन पूर्तता झाली म्हणतील. नोटिशीला दाद नाही मिळाली तर कलम 41अ खाली निर्देशांसाठी अर्ज. त्यात 'आम्हीच खरे विश्वस्त' हा मुद्दा रंगवू नका, तो ठरवायची जागा 41अ नाही आणि तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. वाचनालयाची मालमत्ता खरोखर धोक्यात असेल, म्हणजे विक्री, तोडफोड किंवा खात्यातून रक्कम काढणं चालू असेल, तर 41ई चा मनाई अर्ज.

रिपोर्ट परिशिष्ट तीनमध्ये, बदल झाल्यापासून 90 दिवसांत. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबतच, खर्चाची रक्कम भरायची तयारी ठेवून. जोडायचं ते: घटनेची प्रत, ताजा उतारा, सभेची नोटीस विषयपत्रिकेसह, ती प्रत्येक सभासदाला दिल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, त्या दिवशीची सभासद यादी, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले.

यातलं सगळ्यात कच्चं असतं ते नोटिशीचं. घटनेत 'पूर्ण 15 दिवस' म्हटलं असेल तर नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस सोडून मोजा. व्हॉट्सअॅपवर टाकलेली नोटीस घटनेत तशी सोय नसेल तर उलटतपासात लोळवली जाते. तहकूब सभेच्या गणपूर्तीचं कलमही वाचा. 'अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी' हे वाक्य घटनेत असेल तरच चालतं, आणि इतिवृत्तात दोन्ही वेळा लिहिलेल्या हव्यात.

जमाखर्च_विटा:

हरकतदारांपैकी कुणी समेटाला तयार आहे का बघा. एकाने जरी 'हरकत मागे घेतो' अशी पुरशिस (लेखी निवेदन) दिली तरी त्याच्या बाजूचा उलटतपास वाचतो. दोघांनीही दिली तर 2019 चा रिपोर्ट कागदांवरच निकाली निघू शकतो. पुरशिशीवर त्यांची सही अधिकाऱ्यांसमोर होऊ द्या, बाहेर टाईप करून आणलेल्या कागदावर नंतर 'सही माझी नाही' निघतं.

रोजनामा:

बरोबर. आणि कोल्हापूरनंतरही उच्च न्यायालयात रिट नेण्याची वेळ आलीच, तर सांगली-साताऱ्याचं काम 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्याच सर्किट बेंचकडे आहे. मुंबईची गाडी धरायची गरज नाही.