ब्रेक दाबला की डावीकडचा मागचा दिवा मंद होतो, दोनदा बल्ब बदलून झाले

वाशिष्ठीकाठी
नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. गाडी 2014 ची डिझेल हॅचबॅक आहे, बेस मॉडेल, त्यामुळे मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट नाहीये, फक्त डावा आणि उजवा. गेल्या रविवारी कराडहून चिपळूणला येत होतो, कुंभार्ली घाटात हे एवढं धुकं, वरून पाऊस, घाट उतरून पोफळीला चहाला थांबलो तर मागून आलेला ट्रकवाला मुद्दाम उतरून सांगायला आला की भाऊ तुमचा डावीकडचा लाइट ब्रेकला पेटतच नाही, धुक्यात एकच दिवा दिसला म्हणून मला वाटलं पुढे मोटरसायकल आहे आणि मी बाजूने काढणार होतो. ऐकून हातपाय गार पडले, मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुली होत्या.

घरी येऊन बायकोला ब्रेक दाबायला बसवलं आणि मागे उभा राहिलो. हेडलाइट बंद असताना ब्रेक दाबला तर उजवा झगझगीत, डावा अगदी मिणमिणता. हेडलाइट चालू केले तर डावा आधी नीट पेटलेला असतो पण ब्रेक दाबला की वाढायच्या ऐवजी आणखी कमी होतो! आणि एक विचित्र गोष्ट बायकोच्या लक्षात आली, ब्रेक दाबला की मीटरमधला डावा इंडिकेटरचा बाण हलका हलका उजळतो.

गॅरेजवाल्याने दोनदा बल्ब बदलला, मग ब्रेक स्विच बदलला, फरक शून्य. आता म्हणतोय पूर्ण टेललॅम्प बदला, साडेतीन हजार. पैसे देईन पण त्यानेही नाही गेलं तर? गणपतीला परत घाट करायचाय, त्याआधी हे मिटायला हवं.

डोंगरयात्री
माझ्या गाडीचे ब्रेक लाइट असेच कमी वाटायचे, मी एलईडी बल्ब टाकले, आता लख्ख दिसतात. तेच करा, दहा मिनिटांचं काम आहे.

वायरमन_कोल्हापूर
थांबा, काहीच विकत घेऊ नका अजून. एकतीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, तुम्ही जे लिहिलंय त्यात फॉल्ट जवळजवळ सापडलाच आहे बघा. तुमच्या मिसेसनी तो बाण बघितला हे फार चांगलं झालं.

उजवा दिवा व्यवस्थित पेटतोय म्हणजे फ्यूज चांगला आणि ब्रेक स्विचही चांगला, कारण दोन्ही बाजूंना करंट एकाच स्विचमधून जातो. स्विच बदलायची गरजच नव्हती. डाव्या बाजूचं अर्थिंग गेलंय.

आता ते कसं ते सांगतो, कारण समजलं की कुठल्याही गॅरेजला तुम्हाला स्वतःला सांगता येईल. मागच्या त्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, 5 वॅटची पार्किंगची आणि 21 वॅटची ब्रेकची. दोघींना येणारी वायर वेगळी पण परत जायची वाट एकच, ती म्हणजे बॉडी अर्थ, गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेली वायर. बऱ्याच गाड्यांत त्याच अर्थवर त्या बाजूचा इंडिकेटर आणि रिव्हर्स लाइटही असतो. आता ही वाट बंद झाली की करंट दुसरीकडून घुसून परत जायला बघतो. ब्रेकच्या फिलामेंटमधून आला की तो पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, नाहीतर इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा जाऊन पुढच्या इंडिकेटरमार्गे बॉडीला पोचतो. म्हणून तुमचा बाण उजळतोय. दोन बल्ब एका माळेत आले की 12 व्होल्ट दोघांत वाटले जातात, मग कुणीच पूर्ण पेटत नाही. असल्या फॉल्टला शंभर बल्ब बदला, काही होणार नाही.

एलईडी सांगणाऱ्या भाऊंना पण सांगतो, अर्थ नसेल तर एलईडी पण तसाच वागणार. आणि त्या लॅम्पमधला आरसा फिलामेंटच्या जागेप्रमाणे बनवलेला असतो, कुठलाही एलईडी घातला तर समोरून लख्ख आणि जरा बाजूने बघितलं तर अंधार असं होतं. घाटातल्या वळणावर मागचा माणूस बाजूनेच बघत असतो की.

तपासायचं असं. डिकी उघडा, डावा लॅम्प सोडवा, होल्डर हातात घ्या. होल्डरमधली काळी किंवा तपकिरी वायर बहुधा अर्थ असते, रंग गाडीप्रमाणे बदलतो म्हणून टेस्ट लॅम्पने, म्हणजे वायर तपासायच्या छोट्या दिव्याने, खात्री करा. एक मीटरभर वायर घ्या, एक टोक होल्डरच्या अर्थला, दुसरं बॉडीच्या रंग नसलेल्या स्वच्छ लोखंडाला धरा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवा झगझगीत पेटला की विषय संपला. मल्टीमीटर असेल तर ब्रेक दाबून होल्डरचा अर्थ आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा, 0.2 च्या आत पाहिजे. तुमच्याकडे चार-पाच व्होल्ट दिसले तरी मला नवल वाटणार नाही.

अजून दोन प्रश्न. नवीन घातलेला बल्ब दोन फिलामेंटचाच आहे ना? त्याच्या बाजूच्या पिना वरखाली असतात. घाईत कुणी एका फिलामेंटचा बल्ब दाबून बसवतात, मग खालचे दोन्ही पॉइंट एकमेकांना टेकतात आणि असलेच चाळे सुरू होतात. आणि गाडीत कधी पाणी शिरलं होतं का?

स्कूटरवाली_मिरज
काका मध्येच विचारते, माझ्या स्कूटरचा ब्रेक लाइट सतत पेटलेलाच असतो, ब्रेक सोडला तरी. हेपण अर्थिंगच का?

वायरमन_कोल्हापूर
नाही ताई, तुमचं उलट आहे. सतत पेटतोय म्हणजे स्विच आत अडकलाय. स्कूटरला दोन्ही लिव्हरपाशी एकेक छोटा स्विच असतो, त्याची पिन चिखलाने, धुळीने अडकते. एकेक स्विचचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, काढून बघा, ज्याचा काढल्यावर दिवा विझेल तो दोषी. आधी लिव्हर पूर्ण मागे येतीय का ते बघा, केबल फार ओढलेली असली तरी असं होतं. कारमध्ये हाच प्रकार झाला तर पेडलच्या वरचा छोटा रबरी नाहीतर प्लास्टिकचा बूच तुटलेला असतो, खाली मॅटवर त्याचे तुकडे सापडतात. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण रात्रभर दिवे चालू राहून सकाळी बॅटरी बसते. आणि ताई, लवकर करून घ्या, दिवा कायम पेटलेला असेल तर तुम्ही खरंच ब्रेक मारला हे मागच्याला कळणार कसं?

घाटवाट
गाडीत एकटं असताना तपासायचं असेल तर छत्री पेडल आणि सीटच्या मध्ये अडकवायची, पेडल दाबलेलं राहतं. रात्री रिव्हर्स घेऊन पांढऱ्या भिंतीजवळ उभी केली तरी लाल उजेड दोन्हीकडे सारखा आहे की नाही ते आरशात दिसतं. मी घाट चढायच्या आधी पेट्रोल पंपाच्या भिंतीपाशी हे करतोच.

वाशिष्ठीकाठी
वायरमन काका, तुमचे किती आभार मानू. पाणी शिरलं होतं का विचारलंत आणि मी थबकलोच. 22 जुलै 2021 चा पूर! आमच्या गल्लीत गाडी थोडी चढावर होती म्हणून वाचली, पण मागची बाजू उताराकडे होती, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याच्या वर वीतभर पाणी आलं होतं. तेव्हा कार्पेट वाळवलं, इंजिन चालू झालं, देवाला नारळ फोडला आणि विसरलो.

काल संध्याकाळी बसलो. बल्ब बरोबरच होता, दोन फिलामेंटचा. तुम्ही सांगितली तशी वायर लावली, मोठ्या मुलीने ब्रेक दाबला आणि दिवा असा फटकन पेटला की ती आतून ओरडली, बाबा भिंत लाल झाली! मग त्या अर्थच्या वायरच्या मागे मागे गेलो, ती डाव्या बाजूच्या आतल्या कव्हरमागे एका स्क्रूला जाते. कव्हर काढलं तर स्क्रूच्या जागी गंजाचा गोळा, रिंगवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पुटं, आणि वायर रिंगपाशी नुसत्या दोन-तीन तारांवर लटकलेली. बोट लावलं तर तुटून हातात आली. मल्टीमीटरवर आधी 6.8 व्होल्ट दाखवत होतं.

वायर मागे कापली तर आतली तांब्याची तारही काळी पडलेली, बोटभर आणखी कापल्यावर चकचकीत तार मिळाली. नवीन रिंग दाबून बसवली, बॉडीवरचा गंज पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासला, नवीन स्क्रू, वरून व्हॅसलीन. आता 0.05 येतंय. बाण उजळायचा बंद. सगळा खर्च चाळीस रुपये.

आता एकच विचारतो, पुराच्या पाण्यात ही जागा गेली तशी अजून कुठली अर्थ बघू?

वायरमन_कोल्हापूर
शाबास! डावीकडची गेली म्हणजे उजवीकडची रांगेत उभीच आहे, तिथलं कव्हर याच आठवड्यात काढा. इंधनाच्या पंपाचा अर्थ पण बघा, बऱ्याच गाड्यांत तो मागच्या सीटखाली असतो, आणि दाराच्या खालच्या पट्टीमागून जाणारे कपलर उघडून हिरवं काही दिसतंय का बघा. पुढे बॅटरीची जाड काळी वायर बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे जोडलीय ते दोन्ही बोल्ट सोडून घासून परत घट्ट करा. काम करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायला विसरू नका. आणि त्या लॅम्पच्या मागचं रबर पॅकिंग चिरलं असेल तर ते पण बदला, नाहीतर पावसाचं पाणी तिथूनच परत त्या स्क्रूवर येणार.

वाशिष्ठीकाठी
पॅकिंग खालच्या कोपऱ्यात चिरलेलंच आहे, आत्ता बघून आलो. उद्या नवीन आणतो आणि रविवारी उजवी बाजू उघडतो.