अनुभव धागा: शेजारी, मंडळी आणि आपली साक्ष

साक्ष म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या वागण्याचा आजूबाजूच्यांवर होणारा चांगला परिणाम. तो नेमका कशाने होतो? उपदेश नको, आत्मचरित्र नको. रोजच्या वागण्यातली पद्धत लिहा आणि ती कुठे फसते तेही.

वडगाव शेरी
कुणी चुकत असेल तर बायबलमधल्या मत्तय १८:१५-१७ चा क्रम मोडू नका. आधी एकट्याने जायचं, मग एक-दोघांना घेऊन. मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांपुढे, अगदी शेवटी. आपल्याकडे पहिली पायरीच गाळतात आणि थेट प्रार्थनासभेत "अमक्याच्या मुलासाठी प्रार्थना करू या, वाईट संगतीत आहे" असं सुरू होतं. डोळे मिटून केली तरी ती चहाडीच. परवानगी नसेल तर नाव घ्यायचं नाही, आणि नाव न घेताही सगळ्यांना कळेल इतका तपशील द्यायचा नाही.
बोलायला गेल्यावर एकच गोष्ट काढा, ताजी आणि स्वतः पाहिलेली. "लोक म्हणतात" म्हटलं की समोरचा "कोण लोक?" विचारतो आणि मूळ विषय बाजूला राहतो. दारू प्यायलेल्या माणसाशी त्या रात्री वाद नको. सकाळी जा, बायकामुलांसमोर बोलू नका.

खडकी
दानाचे पैसे उपासनेनंतर लगेच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावेत. कितीच्या किती नोटा ते वहीत लिहून दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. खजिनदार कितीही देवमाणूस असो, पिशवी त्याच्या घरी जाऊ नये. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये पौलाची काळजी हीच आहे: प्रभूसमोरच नव्हे, माणसांसमोरही व्यवहार चोख हवा. तरुण संघातली पोरं प्रवचन विसरतात, हिशेब विसरत नाहीत.

कॅम्प
घरकामाच्या मावशींचा पगार ठरल्या तारखेला. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवू नये, असं लेवीय १९:१३ सांगतं. मावशी हिंदू असतील तर बोनस दिवाळीआधी द्या, नाताळला नव्हे. खरेदी त्यांना तेव्हा करायची असते.

कोथरूड
नाताळचा फराळ शेजारी देताना केक बिनअंड्याचा करा, वेगळ्या भांड्यात भाजा आणि देतानाच तसं सांगा. शाकाहारी घरात विचारायला संकोच वाटतो. मग डबा हसून घेतात आणि खात नाहीत. करंज्या-चकल्यांना ही अडचण नाही, फक्त तळणीचं तेल मटणमच्छीचं नको. आग्रह मुळीच नको. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे-टिळकांना पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं, त्यामुळे कुणी आजही बिचकलं तर राग धरू नये.

गुरुवार पेठ
कोथरूडकर, आणि शेजारून गणपतीचा प्रसाद आला तर? मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे १ करिंथ ८ आणि १० हे अध्याय वाचूनही घराघरांत मतं वेगळी असतात. घ्यायचा नसेल तर दारातच नम्रपणे एका वाक्यात सांगावं: "आम्ही प्रसाद घेत नाही, पण दिवाळीला फराळाला नक्की येऊ." आणि खरोखर जावं. घेऊन मागच्या दाराने टाकून देणं सगळ्यात वाईट. मुलं बघतात आणि तेच शिकतात.

पिंपरी
कॅरोल पार्टीसाठी (घरोघरी नाताळची गाणी गाणाऱ्या गटासाठी) सोसायटीच्या चेअरमनना आधी विचारा. स्पीकर रात्री १० नंतर कायद्याने बंद. ढोलकीसुद्धा साडेनऊला आवरलेली बरी. रविवारी गाड्या शेजारच्या गेटसमोर लागू नयेत म्हणून दोन स्वयंसेवक बाहेर उभे करा. दर आठवड्याला तेच दोघे नकोत, त्यांचीच उपासना बुडते.

हडपसर
मदत आणि उपासनेचं निमंत्रण एकाच दिवशी देऊ नका. फीचे पैसे किंवा शिधा दिला की विषय संपला. "रविवारी या हं" एवढं जोडलं तरी घेणाऱ्याला ते फेडायचं देणं वाटतं. शक्य तिथे हाताला काम द्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना नुसतं जेवू घातलं नाही, विणकाम आणि छपाईही शिकवली. आपल्याकडे शिवणाचं मशीन देतात आणि शिकवणारं कुणी देत नाहीत, म्हणून ते माळ्यावर जातं. आधी शिकवणारी बाई ठरवा, मशीन नंतर.